चरखीवरची झिलई

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात, त्याहून मी आता मोठी झाले आहे. म्हणजे वयाचा मान आज माझ्याकडे आहे आणि तो मी वापरणार आहे. मधे बोलायचं नाही. तसे तुम्ही कधी फार बोलत नव्हतातच. भट्टी पेटली की तुमच्या तोंडाला कुलूप लागायचं, ते जेवताना भाजीत मीठ कमी असलं तरच उघडायचं. आई म्हणायची, "ह्या माणसासंग बोलण्यापरीस भिताडासंग बोललेलं बरं." मी हसायचे. आता ती नाही, तुम्ही नाही, आणि भिंतीशी बोलायची सवय मला लागली आहे. आज दुकानाला सुट्टी आहे, गुडघा ठणकतो आहे, आणि कागद समोर आहे.

खाप्याच्या सासरहून मी ट्रंक घेऊन परत आले, तिथून सुरुवात करते. नवऱ्यानं दुसरी आणून घरात बसवली आणि मला म्हणाला, राहायचं असेल तर राहा. मी राहिले नाही. नागपूरला बसमधून उतरून सायकलरिक्षा केली. इतवारीच्या गर्दीत हातगाडीवाल्यांना शिव्या घालत रिक्षावाल्यानं मला आपल्या गल्लीत आणून सोडलं. आई उंबऱ्यात बसून रडायला लागली. दादा तेव्हा भिलाईहून सुट्टीवर आला होता, तो म्हणाला, "आता लोक का म्हणतीन?" तुम्ही ट्रंक उचललीत, आत नेऊन ठेवलीत आणि हात धुऊन जेवायला बसलात. मला त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. पोटची पोर संसार मोडून आली आहे आणि हा माणूस दुसरी भाकर मागतो आहे! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन दुकानात निघताना तुम्ही दारात थांबलात, माझ्याकडे न बघता म्हणालात, "रेती चाळाले मानूस पाह्यजे." मी पदर खोचला आणि तुमच्या मागे निघाले.

भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीतलं आपलं दुकान अजून माझ्या डोळ्यांपुढे तसंच आहे. मागे भट्टी, पुढे धातू कातायचं लेथ मशीन, मधे रेतीचे साचे आणि सगळीकडे काळी धूळ. विहिरीच्या कप्प्या, नळ, देवळातल्या घंटा, जे येईल ते आपण ओतत होतो. मी आधी रेती चाळली, मग साचे ठोकायला शिकले, मग वितळलेल्या धातूची मूस उचलायला, आणि शेवटी तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा मशीनवर उभी राहिले. बाई मशीनवर उभी आहे म्हणून गल्लीतले लोक उगाच कप्प्यांचा भाव विचारायला यायचे. तुम्ही त्यांना खरंच भाव सांगत बसायचात. तुमची शिकवण म्हणजे सगळी रागावण्यातूनच. माझ्या एका नळात ओतताना हवा राहिली, बारीक भोकं पडली, तेव्हा तुम्ही तो नळ माझ्या हातातून घेतलात आणि माझ्यादेखत पुन्हा मुशीत टाकलात. "हे का करून राहिली तू? डोये माहे गेले का तुहे?" एवढंच. काम चांगलं झालं की तुम्ही ते नुसतं बाजूला ठेवायचात. मला कळायचं नाही की बाजूला ठेवलं म्हणजे आवडलं, की बाजूला ठेवलं म्हणजे नुसतं बाजूला ठेवलं.

आपल्या गल्लीत एक रीत होती. आता ती गल्ली पार बदलली, रीत कुणाला आठवतसुद्धा नाही. नवीन माणसानं पहिली वस्तू साच्यापासून मशीनपर्यंत एकट्यानं पुरी केली, आणि ती उस्तादाला पटली, तर उस्ताद तोंडानं काही म्हणत नसे. एरवी झिलईचं काम दुसरे लोक करायचे, पण ती एक वस्तू तो स्वतः घेऊन बसायचा आणि स्वतःच्या हातानं तिला झिलई द्यायचा. तोंड दिसेल इतकी. त्या दिवसापासून तो माणूस कारीगर. मग त्याला कुणी "पोऱ्या" म्हणत नसे. दादाच्या पहिल्या घंटेला तुम्ही झिलई दिली होतीत, तेव्हा मी शाळेत जात होते, आणि आईनं शिरा केला होता. दादानं पुढे भट्टीला पाठ दाखवली आणि भिलाईची नोकरी धरली, ते सोडा. मला मशीनवर उभं राहून वर्षं झाली होती आणि माझ्या एकाही वस्तूला तुमचा हात लागला नव्हता. मी विचारणार नव्हते. पण दर सुट्टीत दादा म्हणायचा, "बाबा, तुमच्यानं आता दिसत नाही. मशीन विकून टाका, भिलाईले चला." आणि तुम्ही गप्प बसायचात. मला बरोबर ठाऊक होतं की मशीन विकलं तर मी भिलाईला जाऊन वहिनीच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर कणीक मळणार आहे. तुम्ही एकदा मला कारीगर म्हटलं असतंत तर मशीनला हात लावायची दादाची हिंमत झाली नसती. म्हणून मी वाट बघत होते. अन्नाची बघावी तशी वाट बघत होते, बाबा, आणि तुम्हाला ते दिसत नव्हतं, की दिसत होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

मग ते साहेब आले. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. जन्म मालवाहू जहाजावर काढून नागपूरला परत आलेला माणूस, आणि पाण्याशिवाय करमेना म्हणून मुंबईहून कुणाची तरी मोडकी शिडाची होडी विकत घेऊन ती ट्रकवर घालून इथं आणली. होडी म्हणजे आपल्या कन्हान नदीवरची डोंगी नव्हे. आत दोन माणसं झोपतील अशी खोली, स्टोव्ह ठेवायला जागा, वर उंच डोलकाठी. अंबाझरी तलावाच्या काठावर ती उभी केली तेव्हा अर्धं नागपूर बघायला गेलं होतं. अंबाझरीत ती नीट करायची, चालवून बघायची, आणि मग परत समुद्रावर नेऊन नवरा-बायकोनं किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायचं, असा त्यांचा बेत होता. आई म्हणाली, "बाप्पा! घर हाय न ह्यायले?"

त्या होडीवर दोन्ही अंगांना एकेक छोटी चरखी होती. साहेब तिला विंच म्हणायचे. शिडाला बांधलेला दोर त्या चरखीच्या ड्रमला तीन-चार वेढे देऊन घ्यायचा, एकानं मुठीनं ड्रम फिरवायचा आणि दुसऱ्यानं दोराचं मोकळं टोक ताणून धरायचं. आत खटका असतो, त्यामुळे ड्रम उलटा फिरत नाही आणि वाऱ्यानं फुगलेलं शीड माणसाच्या हाताला आवरतं. जुन्या चरख्या लहान होत्या, खटके झिजलेले. साहेबांना त्या जागी मोठ्या हव्या होत्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातानंही शीड ओढता येईल. बाहेरच्या देशातून मागवायच्या तर परवाने काढता काढता म्हातारपण गेलं असतं. म्हणून जुनी चरखी पिशवीत घालून ते इतवारीत दुकानोदुकानी फिरले आणि शेवटी आपल्याकडे आले.

तुम्ही ती हातात घेऊन, डोळ्यांजवळ धरून, बोटांनी चाचपून बघितलीत. "गनमेटल हाय. होईन." मग साहेबांनी एक गोष्ट नीट समजावून सांगितली. आपल्याच फळीवरचा पितळी लोटा घेतला, त्याला सुतळीचे वेढे दिले आणि ओढली. सुतळी सरकली. "हे असं होता कामा नये. ड्रमला बाहेरून खरखरीत खाचा पाहिजेत. गुळगुळीत झाला तर दोर धरणार नाही, सुटेल." मी मान डोलावली. तुम्ही हसलात. मला ते हसणं आठवतं कारण तुम्ही क्वचित हसायचात. "साहेब, इतवारीतून अशी खडबडी वस्तू गेली त लोक म्हनतीन, म्हाताऱ्यानं काम अर्धंच केलं." साहेबही हसले. सगळेच हसलो आपण. ते हसणं मी आता कुठं नेऊन ठेवू?

काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. सांगितलं नाहीत, नुसते साच्याजवळून उठलात आणि खाटेवर जाऊन बसलात. पहिला ड्रम मी ओतला तो बिघडला. दुसरा ओतला, साचा फोडून बघितला, स्वच्छ निघाला. मशीनवर चढवला, बाहेरून कातून घेतला, आतून घेतला, खटक्याचे दाते कानशीनं एकेक करून घासले. आणि शेवटी बाहेरून त्या खाचा पाडल्या, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या, हात फिरवला तर तळव्याला टोचतील अशा. खटका बसवून ड्रम फिरवला तेव्हा असा टकटक टकटक आवाज आला की मी तीन-चारदा उगाचच फिरवला. तुम्ही खाटेवरून हात पुढे केलात. मी दिला. तुम्ही फिरवून ऐकलात, अंगठा फिरवलात, आणि बाजूला ठेवलात. झालं. मला वाटलं, हेही तसंच गेलं.

ठरलं होतं की आधी ही एक होडीवर बसवून बघायची, जमली तर दुसरी करायची. न्यायच्या आदल्या दिवशी आई आणि मी महाल भागात मावशीकडे बारशाला गेलो. बारशाला जायची माझी इच्छा नव्हती, पाठवलं तुम्हीच. "जाय ना वं आईसंग. दिवसभर मशीनले काय चिकटून राहतं?" संध्याकाळी परत आलो तर तुम्ही अंघोळ करून बसला होतात आणि तुमच्या नखांमध्ये हिरवं पॉलिश होतं. मी पाहिलं. झिलईवाल्यानं आणलेल्या घंटा चाचपल्या असतील, असं समजून भाजी चिरायला बसले.

सकाळी आपण तलावावर गेलो. तुम्ही कोरा पंचा घेऊन आला होतात आणि चरखी त्यात गुंडाळलेली. आईनं डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी घेतली होती, लग्नाला निघाल्यासारखी. साहेबांची बायको पँट घालून होडीच्या मागच्या बाजूला सुकाणू धरून बसली आहे हे पाहून आईनं माझा दंड चिमटला, "बाई चालवते वं!" आणि स्वतः होडीत यायला साफ नाही म्हणाली. तुम्ही चपला काढून हातात घेतल्यात, देवळात शिरावं तसे होडीत चढलात. मला हसू आवरत नव्हतं. मग तुम्ही पंचा सोडलात.

बाबा, मी तो क्षण कुणालाच कधी सांगितला नाही. ऊन त्या ड्रमवर पडलं आणि माझ्या तोंडावर आलं. माझा चेहरा त्यात दिसत होता, लांबट, वेडावाकडा, रुंद नाकाचा. तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात, तुम्ही डोलकाठीकडे बघत होतात. मी तिथं फळीवर बसले. खाप्याहून येताना बसमध्ये मी रडले नव्हते, तेव्हापासून साचलेलं सगळं त्या होडीत बाहेर आलं. आईला लांबून काही समजेना, ती ओरडली, "काहून रडून राहिली वं ती?" तुम्ही म्हणालात, "उन्हानं."

मग मी हात फिरवला. आणि तळव्याला काहीच टोचलं नाही.

मी लगेच बोलले. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःलाच विचारत राहिले की बोलले होते ना? बोलले होते. म्हणाले, "बाबा, खाचा गेल्या. दोर धरनार नाही." तुम्ही म्हणालात, "हायेत. मी ठेवल्या. बोटाले लागतात पाह्य." लागत असतील तुमच्या बोटाला. डोळ्यांना दिसत नव्हतं आणि हातांनी जन्मभर फक्त एकच गोष्ट ऐकली होती, की गुळगुळीत झालं म्हणजे पूर्ण झालं. साहेबांनीही अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आजोबा, सुंदर झालीय. पण ही परत मशीनवर घ्यावी लागेल. आज नको." आणि तुमचा चेहरा पडला. इतका पडला की साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं, माझ्या रडलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. पाणी अगदी शांत होतं. "बरं, वारा नाहीच आहे. बसवू. एक चक्कर मारू. नंतर खाचा पाडा." ते तुमचं मन राखायला बोलले. त्या दिवशी त्या होडीत एकही वाईट माणूस नव्हता, बाबा. हेच मला सोसत नाही. एखादा वाईट माणूस असता तर मी त्याला शिव्या देत आयुष्य काढलं असतं.

होडी निघाली. साहेबांनी मूठ धरली आणि दोराचं मोकळं टोक कुणी धरायचं म्हणताना तुम्ही पुढे झालात. "माह्या पोरीची चरखी हाय. दोर मी धरीन." पोरीची चरखी! हे तुम्ही माझ्यादेखत, परक्या माणसांपुढे म्हणालात. वेढे जास्तीचे दिले होते. खटका टकटक वाजत होता, शीड हळूहळू वर फुगत होतं, दोर धरून होता. काठावर आई हात हलवत होती. तुम्ही मला म्हणालात, "पाह्य. धरते का नाही?" मला वाटलं, माझंच चुकलं, धरते आहे.

बांधाच्या बाजूनं वारा आला तेव्हा आधी पाण्यावर काळपट पट्टा दिसला. साहेबांच्या बायकोनं काहीतरी हाक दिली. शीड एकदम गच्च भरलं, होडी कलली, आणि ड्रम जागच्या जागी उभा असताना त्यावरचे वेढे सरकायला लागले. साहेब ओरडले, "सोडा! आजोबा, दोर सोडा!" मी ओरडले. तुम्ही सोडला नाहीत. मी तुमच्या दोन हातांतून तो दोर पळताना बघितला आणि तुम्ही दात आवळून तो धरूनच होतात. सगळा दोर निघून गेला, शीड फडफडायला लागलं, होडी सरळ झाली. कुणी पाण्यात पडलं नाही, काही मोडलं नाही. तुम्ही हात मिटून छातीशी धरले होते. मी ते उघडले तेव्हा तळव्याची कातडी राहिलेली नव्हती.

आणि तुम्ही काय म्हणालात? साहेब पेटीतून कापूस काढत होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "चरखी चांगली हाय, साहेब. माहे हात घामेजले होते."

काहून सोडला नाही, बाबा? मी तुम्हाला दवाखान्यात विचारलं, घरी विचारलं, तुम्ही प्रत्येक वेळी पाणी मागितलंत. मला माहीत आहे काहून. दोर सोडला असता तर चरखीनं धरलं नाही असं झालं असतं, आणि ती माझी चरखी होती. दोरापुढे तुम्ही तुमचे हात ठेवलेत, म्हणजे माझ्या कामाला बट्टा लागू नये. कुणी सांगितलं होतं? मी ड्रमला परत खाचा पाडल्या असत्या. घटकाभराचं काम होतं ते!

तुमच्या अंगात साखर होती हे आपल्याला तेव्हाच कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरायला वेळ लागेल. डावा हात कसाबसा भरला. उजवा भरेना. आधी करंगळी काळी पडली, मग तिच्या शेजारचं बोट. आई तुम्हाला घास भरवायची आणि तुम्ही शरमेनं भिंतीकडे तोंड करून चावायचात. चहातली साखर बंद केली म्हणून तिच्याशी अबोला धरलात. मला हसू येतं आणि लगेच येईनासं होतं.

त्यातच एक दिवस साहेब चरखी घेऊन दुकानात आले. त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि तुमच्याकडे बघायची त्यांची हिंमत होईना. काम राहिलंच होतं. तुम्ही हट्टानं दुकानात येऊन खाटेवर बसला होतात, उजवा हात पट्ट्यांत बांधलेला. मी ड्रम मशीनवर चढवला. मशीनच्या जबड्यात, चकात घट्ट केला, मशीन चालू केलं, हत्यार जवळ नेलं आणि माझा हात पुढे जाईना. त्यावर तुमचा अख्खा दिवस होता. कानशीनं, कागदानं, बफनं, आणि शेवटी तळव्यानं घासलेला दिवस. तेच तळवे. तुम्ही मशीनचा आवाज ऐकत होतात आणि तुम्हाला कळलं की धातूला हत्यार लागलेलं नाही. "काढ ना. काहून थांबली?" मी म्हणाले, "थांबले नाही." आणि हत्यार लावलं. झिलई निघाली, चमकदार कीस खाली पडला, तुम्ही मान खाली घालून ऐकत राहिलात. संध्याकाळी तो कीस झाडून मी नेहमीसारखा भंगाराच्या डब्यात टाकला, मग तो पुढच्या कुठल्यातरी नळात गेला असेल. दुसरी चरखी मी त्याच आठवड्यात पुरी केली, खरखरीत, इतवारीत कुणाला दाखवता येणार नाही अशी. दोन्ही साहेबांनी नेल्या. त्यांनी दोर चांगला धरला म्हणे. पुढे ट्रकवर होडी चढवून ते समुद्रावर गेले. जायच्या आधी दोघं आले होते, तेव्हा तुमची तेरवी होऊन गेलेली होती.

तेरवीच्याही आधीचं एक राहिलं. मनगटापासून हात काढायचा ठरला तेव्हा दादा भिलाईहून आला. दवाखान्यात तुमच्या पलंगाशी उभा राहून म्हणाला, "बाबा, आता तरी आयका. मशीनचं गिऱ्हाईक पाहून ठेवलं मी." तापानं तुमचं तोंड लाल झालं होतं. तुम्ही म्हणालात, "तिच्या चरखीले झिलई देल्ली मी. माह्या हातानं." बस. दादानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तुमच्याकडे पाहिलं आणि खाली स्टुलावर बसला. गल्लीतच वाढलेला होता तो, त्याला फोड करून सांगायची गरज नव्हती. मशीन विकायचा विषय त्यानं पुन्हा आयुष्यात काढला नाही. हात काढल्यावरही ताप उतरला नाही आणि तुम्ही गेलात.

त्या मशीनवर मी आईला शेवटपर्यंत सांभाळलं. स्वतःचं घर केलं, भाड्यानं एक खोली दिली, कुणापुढे पदर पसरला नाही. त्याच्या नंतर दुसरं मशीन घेतलं, मग तिसरं. आता हाताखाली चार माणसं आहेत आणि ती मला ताई म्हणतात, तोंडावर तरी. त्यांच्या पहिल्या वस्तूला मी झिलई देत नाही. चांगलं झालं तर चांगलं झालं म्हणून सांगते, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. ती लाजतात. लाजू देत.

तुमचा विषय निघाला की लोक विचारतात, कसे गेले? मी सांगते, झिलईपायी गेले. त्यांना समजत नाही म्हणून चरखीचं, दोराचं सांगते, आणि शेवटी दर वेळी म्हणते की म्हाताऱ्यानं झिलई द्यायला नको होती. सगळे माना डोलावतात. आईसुद्धा हेच म्हणत गेली. आणि हे खरंच आहे. तुम्ही झिलई दिली नसतीत तर तुमचा हात राहिला असता, तुम्ही आणखी दहा-पंधरा वर्षं खाटेवर बसून मला रागावला असतात, आईनं एवढं रंडकीपण भोगलं नसतं. मी तुम्हाला आजही माफ केलेलं नाही. चांगलं झालं, एवढे दोन शब्द तोंडातून काढायला काय जात होतं तुमचं? दोन शब्दांत भागलं असतं!

पण बाबा, तो पंचा सोडलात तेव्हापासून मी हात फिरवेपर्यंत मधे जो थोडासा वेळ गेला, तेवढं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही. आणि तुम्ही झिलई द्यायला नको होती, असं मी जगाला सांगते तेव्हा ते माझ्या फक्त तोंडातून निघतं. तुमचा हात परत मिळत असेल आणि त्याबदल्यात ती झिलई झालीच नव्हती असं मला म्हणावं लागणार असेल, तर मी म्हणेन का? मी स्वतःला कितीतरी वेळा विचारलं आहे. माझ्या तोंडून हो निघत नाही.

पोचवायची सोय असती तरी हे मी तुम्हाला पाठवलं नसतं. तुम्ही हे वाचून मान हलवाल, हात मागे बांधाल आणि म्हणाल, "मंग झालं त." आणि एवढं मात्र मला तुम्हाला म्हणू द्यायचं नाही.